महापालिकेचं श्वान केंद्र आणि त्यावरची देखरेख: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भटक्या कुत्र्यांवरून सिडको, इंदिरानगर, पंचवटी, जेलरोड अशा सगळ्या भागांतून तेच तेच प्रश्न येत राहतात. कुत्र्यांना खाऊ घालणारे विचारतात, तसेच कुत्र्यांना वैतागलेलेही विचारतात. दोघांना हवी असलेली माहिती मात्र एकच असते, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

आमच्या गल्लीतला कुत्रा गाडीने उचलून नेला. चौकशी कुठे करायची?

आधी हद्द बघा. देवळाली छावणी परिषदेचा कारभार वेगळा आणि भगूर नगरपरिषदेचा वेगळा. तिथला कुत्रा उचलला गेला असेल तर नाशिक महापालिकेत खेटे घालून काही मिळणार नाही. महापालिकेच्या हद्दीत असाल तर पशुसंवर्धन विभागात लेखी विचारा, नुसता फोन करून थांबू नका. उचलल्याची तारीख आणि वेळ, नेमकी जागा (‘सातपूर’ एवढ्याने भागत नाही, चौक किंवा सोसायटीचं नाव हवं), गाडीचा नंबर आणि कुत्र्याचा फोटो द्या. पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याला क्रमांक देणं आणि तो कुठून आणला हे नोंदवणं नियमानेच बंधनकारक आहे. त्यामुळे ‘शोधून सांगतो’ हे उत्तर दोन दिवस चालेल, दोन आठवडे नाही.

फोटोत कान नीट दिसू द्या. कानाला आधीच खाच असेल, तर त्या कुत्र्याची नसबंदी पूर्वीच झालेली आहे. मग त्याला पुन्हा का उचललं, हा प्रश्न त्याच अर्जात घाला. आजारी होता किंवा कोणाला चावला, असं कारण असू शकतं. कारणच नसेल, तर तो कुत्रा ‘नवीन’ म्हणून मोजला जातोय का, हे बघायला हवं.

हे केंद्र म्हणजे नक्की काय? दवाखाना, कोंडवाडा की पांजरापोळ?

तिन्ही नाही. कोंडवाडा मोकाट गुरांसाठी असतो. दंड भरून मालकाने जनावर सोडवून न्यायचं, ही पद्धत १८७१ च्या कायद्यापासून चालत आलेली. चुंचाळ्याची पांजरापोळ हा ट्रस्ट आहे आणि अशा सार्वजनिक ट्रस्टवर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची नजर असते. महापालिकेचं श्वान केंद्र मुळात निर्बीजीकरणासाठी आहे. कुत्रा आणायचा, ऑपरेशन करायचं, रेबीजची लस टोचायची, जखम भरेपर्यंत ठेवायचा आणि जिथून आणला तिथेच सोडायचा. सगळं मिळून साधारण आठवड्याचा मुक्काम.

आता मात्र अशाच केंद्रांकडून कायमच्या निवाऱ्याचीही अपेक्षा होऊ लागली आहे आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. आठवडाभर पाहुणा सांभाळणं वेगळं आणि दहा-बारा वर्षं एखाद्याला पोसणं वेगळं. मुक्काम लांबला की फिरायला मोकळी जागा, खरूज-गोचीड यांचे उपचार, म्हातारपण, आपसातली भांडणं हे सगळं आलं. ऑपरेशनमागे पैसे देणारी निविदा यातलं काहीच धरत नाही.

कायदा काय म्हणतो?

पाया १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचा. त्याखाली श्वान निर्बीजीकरणाचे नियम २००१ साली आले आणि त्यांच्या जागी २०२३ साली नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू झाले. संस्था कोणतीही असो, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं प्रकल्प मान्यता प्रमाणपत्र असल्याशिवाय तिला हे काम करता येत नाही. पकडताना जाळी किंवा मऊ फासा वापरायचा. तारेचा फास आणि चिमटा चालत नाही. केंद्रात सीसीटीव्ही हवा. स्थानिक पातळीवर देखरेख समिती हवी आणि तीत प्राणी कल्याण संस्थांचे प्रतिनिधी हवेत.

याशिवाय सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा नागराजा निकाल आहे. जल्लीकट्टूच्या त्या प्रकरणात न्यायालयाने प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं उचलून धरली: भूक-तहान, भीती, शारीरिक गैरसोय आणि दुखणं-आजार यांपासून मुक्तता, आणि नैसर्गिक वागणुकीची मोकळीक. केंद्राची पाहणी करताना हीच यादी खिशात ठेवा, वेगळ्या तपासणी फॉर्मची गरज पडत नाही.

गैरकारभार म्हणजे तिथे कुत्र्यांना मारहाण होते का?

लोकांना आधी हेच वाटतं. मारहाण कुठे होतच नाही असं कोणी म्हणणार नाही, पण अशा केंद्रांचा कारभार बिघडतो तो बहुतेक वेळा फार साध्या पद्धतीने: रजिस्टर न भरल्याने. कुत्रा आत आला याची नोंद असते, कारण त्यावर बिल निघतं. तो बाहेर कधी गेला, कुठे सोडला, की आतच मेला, यावर कोणाचंच बिल निघत नाही. तिथून पुढे सगळं सैल होत जातं.

कधी रजिस्टर हाती आलं तर मजकुराच्या आधी शाई बघा. रोजच्या रोज भरलेल्या रजिस्टरात पेन बदलतं, अक्षर बदलतं, कुठे पाण्याचा डाग असतो, कुठे खाडाखोड असते. अख्खा महिना एकाच पेनाने, एकाच वळणाने, एकही रकाना न चुकता भरलेला दिसला, तर तो एका बैठकीत भरला असण्याची शंका घ्यायला जागा आहे. मग मृत्यूचा रकाना बघा. शेकडो कुत्र्यांवर ऑपरेशन झालं आणि महिनाभरात एकही दगावला नाही, ही बातमी चांगली नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांत काही आधीच आजारी, काही अशक्त असतातच. खरं रजिस्टर थोडं वाईट दिसतं.

सोडल्याच्या जागेचा रकानाही तसाच. ‘पंचवटी’ एवढंच लिहिलेलं असेल तर ती नोंद नाहीच. पंचवटी केवढी मोठी!

मग नसबंदीचे आकडे खरे की खोटे, हे कसं कळणार?

त्यासाठी एक जुनी आणि जरा किळसवाणी पद्धत आहे: काढलेले अवयव फॉर्मलिनमध्ये जपून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी समितीसमोर मोजायचे. मोजून झाले की नष्ट करायचे आणि त्या मोजणीवर बिल काढायचं. कागदावर पद्धत चोख आहे. गडबड होते ती मोजणाऱ्यांवरून. बिल मागणारा, मोजणारा आणि बिल मंजूर करणारा एकमेकांच्या टेबलावर रोज चहा पिणारे असतील तर बरणीत काय होतं, हे कोणी विचारत नाही. आमचं सगळं म्हणणं याच एका गोष्टीशी येऊन थांबतं: आकड्यावर ज्याला पैसे मिळतात त्याने तो आकडा तपासू नये. कॅमेरे लावा, अ‍ॅप काढा, डॅशबोर्ड करा. एवढी एक गोष्ट सुटली तर बाकी सगळी सजावट.

घरबसल्या करता येण्यासारखी एक तपासणीही आहे. आपल्या वॉर्डातली कुत्री मोजा आणि किती कुत्र्यांच्या कानाला खाच आहे ते बघा. महापालिकेच्या कागदावर भागातल्या बहुतेक कुत्र्यांची नसबंदी झालेली असेल आणि रस्त्यावर चारातल्या एकाच्याच कानाला खाच दिसत असेल, तर फोटोंसह विचारा. सकाळी सहा-साडेसहाला मोजा. दुपारी निम्मी कुत्री गाड्यांखाली झोपलेली असतात.

केंद्र नेहमी ‘फुल’ कसं असतं?

साधा गुणाकार आहे. रोज २० कुत्री आणली आणि प्रत्येकाचा मुक्काम ५ दिवसांचा, तर १०० जागा लागतात. आणणं तेवढंच ठेवून मुक्काम ८ दिवसांवर गेला की १६० लागतात. म्हणजे नवे पिंजरे न बांधताही जागा होऊ शकते आणि नवे पिंजरे बांधूनही कमी पडू शकते. मुक्काम लांबतो त्याची कारणं ठरलेली: सोडायला गाडी नाही, डिझेल नाही, डॉक्टर सुट्टीवर, कुत्रं कुठून आणलं ते लिहिलेलं नाही म्हणून सोडायचं कुठे हाच प्रश्न. ‘नवीन शेड मंजूर’ अशी बातमी येते तेव्हा लोक खूश होतात. आम्ही आधी विचारतो, गाड्या किती आणि चालक किती?

आणि कितीही दबाव आला तरी जागेपेक्षा जास्त कुत्री पकडायची नाहीत. नगरसेवकाचा फोन आला म्हणून उचललेली दहा कुत्री तीन पिंजऱ्यांत कोंबली, तर त्या रात्री होणाऱ्या चाव्यांना आणि फाटलेल्या टाक्यांना फोन करणाराही जबाबदारच.

गर्दी झाली तर बिघडतं काय?

पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांमधले संसर्गजन्य रोग पसरतात. पार्व्होचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर, माणसांच्या बुटांवर महिनोन् महिने टिकतो. नुसतं पाणी मारून किंवा फिनेलने तो जात नाही, ब्लीचिंगचं द्रावण लागतं आणि तेही घाण आधी खरवडून काढल्यावर. एकच खराटा सगळ्या पिंजऱ्यांत फिरत असेल तर साफसफाई करणाराच रोग वाटत फिरतो. पिल्लं आधी जातात. म्हणून नवं आलेलं जनावर वेगळं, आजारी त्याहून वेगळं आणि पिल्लं आणखी वेगळी, असे तीन भाग हवेत. सहा महिन्यांखालच्या पिल्लांना नसबंदीसाठी पकडायचंच नसतं. ती तिथे दिसली तर ‘कशी आली’ हे विचारा.

नाशिकच्या थंडीचं वेगळं सांगायला हवं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, आणि ऑपरेशनसाठी पोटाचे केस काढलेली कुत्री उघड्या सिमेंटवर पडून असतात. कोरडं गोणपाट किंवा लाकडी फळी, खर्च जवळपास शून्य. पावसाळ्यात नजर फरशीच्या उताराकडे न्या. धुतलेलं पाणी नालीकडे जाण्याऐवजी शेजारच्या पिंजऱ्यात शिरत असेल तर बांधणाऱ्याने आयुष्यात कधी कुत्रं पाळलेलं नाही, एवढं नक्की.

जागा नाही म्हणून कुत्री मारतात का?

तसं करता येत नाही. दयामरण फक्त असाध्य आजारी किंवा वाचण्यासारखी नसलेली जखमी कुत्री यांच्यासाठी. तो निर्णयही एकट्या माणसाचा नाही, आणि ते पात्र पशुवैद्यकाने वेदना न देणाऱ्या पद्धतीनेच करायचं. प्रत्येकाचं कारण लेखी हवं. काही देशांत जागेअभावी दयामरण देतात, आपल्याकडे ते बेकायदा आहे आणि तसंच राहावं. पण त्यामुळे गर्दीतून आलेलं मरण रजिस्टरात ‘आजारपण’ म्हणून लपून जाऊ शकतं. म्हणूनच वर मृत्यूच्या रकान्याबद्दल एवढं लिहिलं.

देखरेख करायची कोणी?

आयुक्त, पशुसंवर्धन विभाग, स्थानिक देखरेख समिती, जिल्ह्याची प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी, जीवजंतू कल्याण मंडळ. यादी लांबलचक आहे आणि तीच अडचण आहे. मंडळ बसतं हरियाणात, बल्लभगडला. सोसायटी प्रत्येक जिल्ह्यात असावी असा २००१ चा नियम आहे. आपल्या जिल्ह्यात तिची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारून बघा. उत्तर काहीही आलं तरी ते लेखी घ्या.

त्यात मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नाशिक महापालिकेवर प्रशासक होता. एरवी स्थायी समितीत ठेका येतो, एखादा नगरसेवक तावातावाने उभा राहतो, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. त्यातले निम्मे प्रश्न राजकारणाचे असतात हे मान्य, पण त्या निमित्ताने फाईल उघडते. जवळजवळ चार वर्षं ती सोय नव्हती. आता सभागृह आहे, तर आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे ‘कुत्री उचला’ एवढंच न मागता गेल्या वर्षाचा आवक-जावक-मृत्यू तक्ता सभेत मागायला सांगा.

आम्हाला आत जाऊन बघता येतं का?

वाटेल तेव्हा नाही. संसर्गाचा प्रश्न असतो आणि ऑपरेशनच्या दिवशी पाहुणे नकोत, हे म्हणणं रास्तच आहे. पण कायमची बंदी मान्य करू नका. माहिती अधिकारात कागदपत्रांबरोबर कामाची प्रत्यक्ष पाहणीही मागता येते. लोक हे विसरतात आणि झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन घरी जातात.

माहिती अधिकारात काय मागायचं?

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे ‘केंद्राची संपूर्ण माहिती द्यावी’ असं लिहून तो वाया घालवू नका. १० रुपयांचं शुल्क, उत्तराला ३० दिवस. नाही मिळालं किंवा अर्धवट मिळालं तर ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं खंडपीठ नाशिकलाच आहे, मुंबईला जावं लागत नाही.

आम्ही साधारण असं लिहायला सांगतो: ‘अमुक महिन्यात केंद्रात दाखल, शस्त्रक्रिया, सोडलेली व मृत श्वानांचे दिनांकवार रजिस्टर, त्याच महिन्याची अवयव मोजणीची इतिवृत्ते, उपस्थितांच्या सह्यांसह, त्याच महिन्यात अदा केलेली देयके.’ तिन्ही कागद एकाच महिन्याचे असले की आकडे एकमेकांशी जुळवता येतात. एका वर्षाचं मागितलंत तर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ हे उत्तर ठरलेलं. काम ठेकेदार संस्थेकडे असलं तरी नोंदी पालिकेच्या नियंत्रणातल्या असतात, त्यामुळे ‘संस्थेला विचारा’ हे उत्तर पुरत नाही. अपिलात नेमकं तेच लिहा.

नुसती तक्रार करायची असेल तर?

महापालिकेचं एनएमसी ई-कनेक्ट अ‍ॅप किंवा राज्य सरकारचं ‘आपले सरकार’ पोर्टल. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. प्रश्न अडकून पडला असेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे, पण त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो. डॉक्टरच्या हलगर्जीबद्दल तक्रार असेल, म्हणजे टाके उसवले आणि बघितलंच नाही, भूल नीट दिली नाही, तर ती नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे जाते. आयुक्तांकडे पाठवून उपयोग थोडाच.

पोलीस गुन्हा घेतात का?

प्राणी क्लेश कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही १० ते ५० रुपये आहे. १९६० साली त्या रकमेला वजन होतं, आज तेवढ्यात दोन कटिंग येतात. प्राण्याला ठार केलं किंवा कायमचं अपंग केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू होतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशा वेळी सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घेण्याची मागणी लगेच करा. पुरल्यानंतर उकरून काढायची वेळ आली तर प्रकरण तिथेच लटकतं.

सर्वोच्च न्यायालयाने सगळी कुत्री निवाऱ्यात टाकायला सांगितलं ना?

सगळी नाही. ११ ऑगस्ट २०२५ चा दिल्लीचा आदेश कडक होता. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला: रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर मूळ जागी सोडायची, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा करायच्या. मग ७ नोव्हेंबरला शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. ती परत तिथे सोडायची नाहीत. त्यानंतरही सुनावण्या झाल्या, म्हणून अर्ज लिहिण्याआधी ताजा आदेश वाचून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सारांश धरू नका.

कुंभमेळ्यासाठी रामकुंडावरची कुत्री हलवणार का?

२०२७ च्या सिंहस्थाआधी हा प्रश्न वाढत जाणार. नोव्हेंबरच्या आदेशातल्या यादीत घाटांचं नाव नाही. त्यामुळे गोदाघाटावरची निरोगी कुत्री रातोरात उचलून गावाबाहेर सोडणं हे निर्बीजीकरणाच्या नियमांत बसत नाही. व्यवहारातही बसत नाही, कारण मोकळ्या जागेत, अन्न मिळत राहिलं तर, शेजारची नसबंदी न झालेली कुत्री शिरतात. घाटाच्या पट्ट्यात नसबंदी आणि लसीकरण पर्वणीच्या कितीतरी आधी उरकायला हवं. पर्वणीच्या तोंडावर धावपळ केली की गर्दी केंद्रात होणार, आणि वर लिहिलेलं सगळं एकदम घडणार.

तिथल्या कर्मचाऱ्यांना दोष द्यायचा का?

सरसकट अजिबात नाही. बहुतेक पोरं कंत्राटी. रात्री चौकीदार एकटा, त्यालाच पाणी द्यायचं, त्यालाच भांडणं सोडवायची. त्याला रेबीजची प्रतिबंधात्मक लस टोचली आहे का, जाड हातमोजे आहेत का, पगार वेळेवर होतो का, हेही तुमच्या अर्जात विचारा. आतली खरी माहिती पुढे त्यांच्याकडूनच मिळते. आरडाओरडा करत, मोबाईल उगारून आत शिरणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

व्हिडिओ टाकला तर चालेल?

जागा, तारीख आणि जे दिसलं तेवढंच टाका. ‘इथे कुत्री विकतात’ असं पुराव्याशिवाय लिहू नका. कर्मचाऱ्यांचे चेहरे आणि नंबर टाकू नका. आणि आधी लेखी तक्रार करा, पोच घ्या, मग व्हिडिओ. उलट्या क्रमाने केलं की केंद्र दोन दिवस चकाचक होतं आणि तुमची तक्रार ‘तथ्य आढळले नाही’ म्हणून बंद होते.

कुत्रा चावला तर?

हे पान नंतर वाचा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. कुत्रा ओळखीचा असेल तर १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. ते लक्ष ठेवताना लस थांबवू नका.

केंद्रातला कुत्रा दत्तक घेता येतो का?

येतो, महापालिकेकडे अर्ज करून. एकदा घेतलेला कुत्रा परत रस्त्यावर सोडायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्टच्या आदेशातच आहे. घेताना त्याचं कार्ड मागा: लसीची तारीख, ऑपरेशनची तारीख, कुठून आणला. कार्ड नसेल तर तेवढंच लेखी मागून ठेवा.